मनकर्णाबाईच्या सळया

मनकर्णाबाईच्या तळहातांना गरम-गार कळत नसे. अकरा वर्षं रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस घालून आणि पुढे दाभणाने बारदान शिवून तिच्या हातांची कातडी इतकी जाड झाली होती, की चुलीतला निखारा दोन बोटांत धरून ती शेजारणीच्या चुलीत नेऊन टाकी. कातडी जाड, म्हणून ऊब आत पोचायला वेळ लागतो. त्यात चमत्कार काही नाही. बायकांना मात्र त्यात देवीची कृपा दिसे. मनकर्णाबाई त्यांना हसे. एखाद्या वस्तूची ऊब खरोखर अजमावायची असली, की ती वस्तू ती कानाच्या पाळीला लावायची.

"हात खोटं बोलते," म्हणायची. "कान नाही बोलत."

नांदुऱ्याच्या ज्या जीन-प्रेसमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या गिरणीत, ती कामाला होती, तिचं आता नावही कुणाच्या लक्षात नाही, आणि ते सांगण्याची गरजही नाही. माझे वडील चिंतामणराव तिथे कारकून होते. आवारातच दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. साल अडतीस. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसले होते आणि जगातलं सगळं आपल्याला समजलं आहे अशा वयात होते.

मनकर्णाबाई मूळची मेहकर तालुक्यातल्या जानेफळची. तिचे वडील कडूबा शेतकरी. ज्वारी निघाली की कडब्याची गंजी रचतात. मध्येच पाऊस पडून कडबा ओलसर राहिला आणि तसाच रचला, तर गंजी आतून तापत जाते. वरून हात लावला तर काही कळत नाही. कडूबा लोखंडी पहार गंजीच्या पोटात खुपसून ठेवायचे, थोड्या वेळाने काढायचे आणि तिचं टोक लेकीच्या कानाजवळ न्यायचे.

"सांग, काय म्हंते पहार?"

कोमट म्हणाली तर गंजी मोडून कडबा पसरायचा. चटका बसतो म्हणाली तर गंजीला हात लावायचा नाही, गुरं लांब न्यायची. एके वर्षी शेजारच्या भगवानरावांनी कडूबांचं ऐकलं नाही आणि चटका देणारी गंजी घाईने मोडली. आत वारा शिरला आणि भडका उडाला. दावणीची दोन वासरं सोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मनकर्णा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ती वासरं ओरडताना तिने ऐकली होती.

लग्न होऊन ती नांदुऱ्याला आली. नवरा स्टेशनावर हमाल होता. तो हिवतापाने गेला. ती माहेरी परतली नाही, जीनमध्ये लागली. पुढे प्रेसमध्ये गेली, तेव्हा तिने लोहाराकडून खिडकीच्या एका गजाचे दोन सारखे तुकडे करून घेतले. दीड-दीड हाताच्या सळया, एका टोकाला अणकुचीदार. बारदानाच्या ढिगाखाली त्या ठेवलेल्या असत. मी एकदा विचारलं, दोन कशाला?

"एक इचाराले अन् एक ताडून पाह्याले," ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं नाही.

तो चैत्रातला दिवस. दुपारचे अडीच वाजले होते. मी वडिलांना ताक द्यायला हापिसात गेले होते. मनकर्णाबाई दारात आली, हातात दोन्ही सळया.

"बाबूजी, सायबाले बोलवा. गाठीत इस्तो हाये."

इस्तो म्हणजे विस्तव. वडिलांच्या हातातला टाक तिथेच थांबला. कापसात कधी खडा येतो, रेच्याच्या पात्यावर घासतो, ठिणगी पडते. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पेटली तर दिसते, विझवता येते. पण ठिणगी धरलेली रुई तशीच प्रेसमध्ये गेली आणि दाबून गाठ बांधली गेली, तर ती आत दोन-दोन दिवस धुमसते आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

"कशावरून म्हणतेस?"

"वास आला. बारा वाजल्यापासून येऊन राह्यला. शिवता शिवता आला, मंग गेला. कोनती गाठ ते नाही समजलं."

वडील उठलेच. कारण गाठी ज्या गोदामात रचत, त्याच्या मागच्या भिंतीला लागून लेकरांची खोली होती. रेच्यावरच्या बायका आपली तान्ही मुलं तिथे झोळ्यांत ठेवत. त्या दिवशी अकरा होती. गीताबाई नावाची म्हातारी त्यांना राखायची, आणि राखायची म्हणजे सकाळी आयांनी बोटावर कणभर अफू चाटवून निजवलेली मुलं संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत निजलेली आहेत ना, एवढं पाहायची. त्या काळी सर्रास चालायचं हे. आज ऐकणाऱ्याला राग येतो. मला तेव्हाही यायचा. भिंत जाड मातीची होती, पण हवेसाठी वर लाकडी जाळी होती. गोदाम पेटलं तर धूर त्या जाळीतून थेट झोळ्यांवर उतरणार, आणि त्यांतलं एकही मूल जागं होऊन रडणार नाही.

मॅनेजर शरच्चंद्र पुण्याकडचे, बी.एस्सी. झालेले, वर्षभरापूर्वी आलेले. वाईट माणूस नव्हता. मालकाला घाबरायचा, आणि आपण घाबरतो हे कुणाला दिसू नये म्हणून मोठ्याने बोलायचा. ते गोदामात आले ते खिशात ताप पाहायचा थर्मामीटर घेऊन. मागोमाग मुकादम शेषराव. पत्र्याच्या छपराखाली भट्टी झाली होती. साहेबांनी पाच-सहा गाठींवर हात ठेवला, थर्मामीटर बारदानाला टेकवून पाहिला.

"सगळ्या गाठी सारख्या आहेत. छपरामुळे तापल्यात."

"भाईरून सारख्याच लागतीन सायेब."

साहेब माझ्याकडे वळले. "काय गं, तू मॅट्रिकला बसलीस ना? कापूस उष्णतेचा सुवाहक की दुर्वाहक?"

"दुर्वाहक," मी खाडकन उत्तर दिलं.

"ऐकलंस? कापसातून उष्णता जात नाही. ठिणगी असली तरी जागच्या जागी विझेल."

आणि मी मान डोलावली. पुस्तकात तसंच लिहिलं होतं, निदान मला तसं वाटलं. मनकर्णाबाईने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन वो शरूबाई, थंडीत गोधडी घेतली तं तू थंड पडते का? गोधडी गरमी भाईर जाऊ देत नाही म्हनून तं तू आत गरम राह्यते. हे इस्त्याले गोधडी पांघरून निजवलं हाये तुमी. थो विझन काऊन? थो तं तापतच जाईन."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दुर्वाहक हा शब्द मी तीन वर्षं पाठ केला होता आणि गोधडी जन्मापासून पांघरली होती.

साहेबांचे कान लाल झाले. "पाच वाजता वॅगनी लागणार आहेत. तुझ्या वासापायी मी सगळ्या गाठी फोडू?"

"एकही फोडू नका. मले शोधू द्या."

"शोध. नाही सापडली तर आजच गेटबाहेर. आणि रेच्यावरच्या बायकांत ओरड करायची नाही, पळापळ झाली तर कोणीतरी यंत्राच्या पट्ट्यात सापडून मरेल."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

ती आधी गीताबाईकडे गेली. मी तिच्या मागे. म्हणाली, लेकरं बाहेर काढ. गीताबाईने बाहेरच्या आवाराकडे हात केला. लिंबाखाली कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, बैल जिभा काढून बसले होते, फुफाट्यावर नुसतं ऊन नाचत होतं.

"या उनात काढू? मागच्या साली रुखमाबाईचं लेकरू घडीभर भाईर ठेवलं तं लू लागून गेलं. निजलेलं लेकरू पानी बी नाही मांगत. या मातीच्या भिंतीमुळं तं इथं गारवा हाये. आधी इस्तो दाखव मले, मंग काढतो."

आत ठेवावं तर आग, बाहेर काढावं तर ऊन. अकरा झोळ्या हलत नव्हत्या. कोपऱ्यातल्या हिरव्या झोळीत शेषराव मुकादमाची चार महिन्यांची आशा होती, तिचा एक पाय बाहेर लोंबत होता. मनकर्णाबाईने तो उचलून आत ठेवला आणि परत गोदामात गेली.

सकाळी आठ-चाळीसला तीन नंबरचा रेचा दहा मिनिटं बंद होता, असं वडिलांच्या वहीत होतं. शेषराव म्हणाला, हो, खडा आला होता, थोडी रुई पेटली, विझवून फेकून दिली. म्हणजे जे शिल्लक राहिलं ते नऊ ते दहाच्या दरम्यान दाबलेल्या गाठींत असणार. अशा सात गाठी निघाल्या. त्या हमालांनी जमिनीवर मांडल्या. शेजारी कालची एक गाठ मांडून घेतली मनकर्णाबाईने.

"ही काऊन?" शेषराव म्हणाला. "ही तं कालची हाये."

"म्हनूनच. हिच्यात काही नाही हे मले ठाऊक हाये."

तिने दोन्ही सळया रांजणाच्या पाण्यात बुडवल्या, पुसल्या, आणि एक कालच्या गाठीत, एक पहिल्या संशयित गाठीत मोगरीने ठोकली. त्या पत्र्याखाली लोखंड कुठेही ठेवलं तरी तापणारच. एकटी सळई गरम लागली, तर ती छपराने तापली की इस्त्याने, कोण सांगणार? दोन सारख्या सळया, एकाच वेळी ठोकलेल्या, एकाच वेळी काढलेल्या. फरक पडला तर तो गाठीतला. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेत हीच गोष्ट मला इंग्रजीत शिकवली, आणि शिकवणाऱ्याला वाटलं मी पहिल्यांदा ऐकते आहे.

वडिलांनी घड्याळ धरलं. पाच मिनिटं. तिने सळया काढल्या, एक डाव्या कानाला, एक उजव्या.

"सारख्या."

पुन्हा पाण्यात, पुन्हा पुसल्या, दुसरी गाठ. सारख्या. तिसरी, सारख्या. साहेबांनी हमालाचा गाठ ओढायचा आकडा मागवला, तो चौथ्या गाठीत खुपसला आणि त्याची लाकडी मूठ हातात धरून उभे राहिले.

"मला तर काही लागत नाही."

"लाकडाले काय समजते सायेब," ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "लोखंडाची चहाडी ते तुमच्या हातापर्यंत येऊच देत नाही."

एक हमाल हसला आणि शेषरावने त्याच्याकडे डोळे वटारले. पण शेषरावही घामाघूम होता, आमच्यापेक्षा जास्त. पाचवी गाठ. सहावी. साडेतीन वाजून गेले. सातव्या गाठीतल्या सळया काढून तिने कानाला लावल्या, खाली घेतल्या, पुन्हा लावल्या.

"सारख्या."

"झालं?" साहेब म्हणाले. "आता सळया इथं ठेव आणि—"

त्याच क्षणी मला वास आला. जळक्या चिंधीचा, अगदी बारीक, आला आणि गेला. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनाही आला होता. साहेबांनाही आला असावा, कारण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मनकर्णाबाई शेषरावसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"शेषराव, सकाळची जळकी रुई तू कुठं फेकली?"

"सांगतलं ना. भाईर."

"भाईर म्या पाह्यलं. उकिरड्यावर काळी रुई नाही."

"तू कोन मले इचारनारी?"

"हिरव्या झोळीत तुही आशा निजली हाये. तिचा पाय लोंबून राह्यला होता, म्या आत ठेवला. आता सांग."

शेषराव खाली बसला. बसल्या बसल्या पुटपुटत सांगू लागला. त्याने रुई पायाने तुडवून विझवली होती. काळी रुई हाताला गार लागली, तेव्हा मेली असं समजून रेच्यामागे दडवून ठेवली, कारण साहेब फेरीवर येणार होते आणि त्या महिन्यात ती तिसरी ठिणगी होती. बाराच्या सुट्टीआधी, कोणी नसताना, ती शेवटच्या गाठीत घालून टाकली. गार लागली म्हणे! वरचा काळा थर गार असतो. आतली ठिणगी त्या थराखाली सुखाने निजते. जन्मभर कापसात काम केलेल्या माणसाची ही चूक, आणि तशीच माझी न् साहेबांची. तिघांनीही बाहेरूनच पारखलं होतं.

बाराची शेवटची गाठ. ती थप्पीच्या अगदी तळाशी होती, लेकरांच्या भिंतीला टेकून.

वरच्या तीन गाठी कशा बाजूला झाल्या मला आठवत नाही. शेषराव एकटा दोन हमालांच्या जोराने ओढत होता. मनकर्णाबाईने सळई ठोकली आणि या वेळी पाच मिनिटं थांबली नाही. दोनच मिनिटांत चिंधीने धरून बाहेर काढली. कानाजवळ नेली आणि तशीच मागे घेतली. रांजणातलं थेंबभर पाणी तिच्यावर टाकलं, ते चुर्रकन उडालं.

"फोडा!" साहेब ओरडले. "पट्ट्या तोडा, पाणी आणा!"

"नका फोडू!" तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "वारा लागला तं भडकन! पानी आत जातच नाही, दाबलेली हाये ते!"

पण शेषरावने छिन्नी उचललीच होती. पोरगी भिंतीपलीकडे आणि साहेबांचा हुकूम. त्याला काय ऐकू येणार? एक घाव, आणि मधली लोखंडी पट्टी तुटून सटकन उडाली. दाबलेली रुई तिथून फुगली, बारदान उसवलं, आणि फटीतून करड्या धुराची बोटभर दोरी सरळ वर, जाळीच्या दिशेने निघाली.

मनकर्णाबाई त्या फटीवर जाऊन बसली.

शब्दशः बसली, लुगड्यासकट, मांडी घालून, सगळा भार टाकून. वर ओलं बारदान ओढून घेतलं कमरेभोवती. "ठेला आना," म्हणाली. "मले घेऊनच उचला. मी उठली तं समदं जाईन."

चार हमाल आणि शेषराव यांनी पाच मणांची गाठ आणि तिच्यावरची बाई हातठेल्यावर चढवली. साहेबांनी स्वतः ठेल्याला खांदा लावला. गोदामातून निघून लेकरांच्या खोलीच्या दारावरून ठेला गेला, तेव्हा गीताबाई उंबऱ्यात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला. आत सगळं गप्प. मी वडिलांचा हात धरून मागे धावत होते आणि एकच गोष्ट डोक्यात होती: तिच्याखाली वीतभर अंतरावर विस्तव आहे आणि ती जळत नाही, कारण कापूस दुर्वाहक आहे. त्या शब्दाचा अर्थ मला त्या फुफाट्यात कळला.

कुंपणापलीकडच्या पडीक वावरात ठेला थांबला. गाठ फट खाली करून, मातीत दाबून ढकलली. मनकर्णाबाई उडी मारून उतरली आणि उभी राहताना तिचा पाय लटपटला. तुटलेल्या पट्टीचं एक टोक गाठीत रुतून राहिलं होतं, दुसरं तिच्या मांडीखाली आलं होतं. कापसाने तिला राखलं, लोखंडाने गाठलं. तीन बोटं लांब, पट्टीच्या रुंदीचा डाग.

"उठली काऊन नाही?" शेषराव रडत म्हणाला.

"कशी उठू? मुका न् भितरा तू, दोन्ही. तुह्या भरवशावर सोडू?"

साहेबांनी तिथेच विचारलं, रुई गाठीत कोणी घातली? वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. साहेब दुपारपासून वऱ्हाडी बोलणं निम्मं सोडून देत होते. शेषराव बसून पुटपुटला होता ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं, किंवा पोचलं होतं आणि त्यांना तिच्या तोंडून हवं होतं. मनकर्णाबाई लुगडं झटकत म्हणाली, "गाठीले इचारा सायेब. मले औषध लावू द्या."

ती गाठ वावरात चार दिवस पडून होती. बाहेरून जशीच्या तशी. पाचव्या दिवशी दुपारी बारदानाला एक काळा ठिपका दिसला, तो रुपयाएवढा झाला, आणि गाठ आतल्या आत बसली. आत सगळा कोळसा होता.

साहेबांनी आठवड्याभरात लोहाराकडून बारा नव्या सळया करवून घेतल्या आणि हुकूम काढला, की रोज गाठी तपासायच्या. माणूस शिकला, हे मी कबूल करते. फक्त हाताला चटका बसू नये म्हणून सगळ्यांना छान लाकडी मुठी बसवल्या होत्या. मनकर्णाबाईने त्या पाहिल्या, एक उचलली, दगडावर आपटून मूठ काढून टाकली आणि दुसरी उचलली.

गाठ वावरात टाकली त्याच दिवशी संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा मी लेकरांच्या खोलीबाहेर उभी होते. आया आल्या, जिची तिची झोळी सोडून लेकरू कडेवर घेऊन गेल्या. कुणाला काही माहीत नव्हतं. शेषरावची बायको हिरव्या झोळीकडे गेली तर झोळी रिकामी. ती ओरडणार, तोच तिला भिंतीपाशी शेषराव दिसला. साडेचारपासून तो तिथे बसून होता, मांडीवर आशा, आणि एक हात मातीच्या भिंतीवर टेकवलेला. भिंत गार होती. तरी तो दर थोड्या वेळाने वाकून भिंतीला कान लावून पाहत होता.